सीझनच्या तोंडावर, तारोडीच्या घरातून

प्रिय आये,

काल बाबांची बोट गेली. नारळी पुनवेला गावानं दर्याला नारळ दिला, आणि काल सकाळी सगळ्या बोटी एकामागोमाग निघाल्या. मी किनाऱ्यावरून तशीच भाईंदरला प्रॅक्टिसला गेले. संध्याकाळी घरी आले तर दाराला कुलूप. मीच लावलेलं, तरी दचकले. या घराला आपण असताना कधी कुलूप लागलंच नाही गं. बाबा दर्यात असले की तू घरात, तू बाजारात असलीस की बाबा ओट्यावर जाळी विणत बसलेले. मला साधी चावी फिरवता येईना.

आत आले, बूट काढले आणि सवयीनं बोलायला तोंड उघडलं. आज प्रॅक्टिसला काय झालं ते. ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून आज हे लिहायला बसलेय. उद्या आमची सीझनची पहिली मॅच आहे. आज सरांनी सुट्टी दिलीय, पाय मोकळे ठेवा म्हणाले. पाय मोकळे आहेत, पण दिवस कसा संपवायचा?

तुला हा खेळ कधी कळला नाही. कळला नाही म्हणजे काय, नावावरच तुझा राग! "हातात धरून धावता, आन नाव फुटबॉल? कोनी ठेवला यो नाव?" मी सांगायचे, आये, हा अमेरिकन फुटबॉल आहे, वेगळा असतो. तू म्हणायचीस, "मंग अमेरिकेत पोरींना घरी कामं नसतील."

आणि तरीही एकदा आलीस. बाजार उरकून, मासळीची रिकामी पाटी घेऊन, तशीच कॉलेजच्या मैदानावर. आम्ही सगळ्या हेल्मेट घालून, खांद्यांवर ते जाडजूड पॅड चढवून उभ्या. तुला पोरगी ओळखू येईना. तू सरळ सरांना विचारलंस, "माजी कंची?" सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्याच क्षणी आमच्याच टीममधल्या कृपानं मला आडवं पाडलं. तू पाटी टाकून मैदानात! "ए बाय! ऊठ तिच्यावरना! जीव घेतंस का पोरीचा?"

सर धावत आले. "मावशी, तिचं कामच आहे ते. असाच गेम आहे."

"असाच हाय?" तू दोन पावलं मागं गेलीस आणि मला ओरडलीस, "मंग तू बघत काय बसलंस? तू पन पाड की तिला!"

सगळी टीम हसून लोळली. मला त्या दिवशी एवढी लाज वाटली होती! घरी येईपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते मी. बसमध्ये तू खिडकीकडं तोंड करून हसत होतीस, ते मला दिसत होतं.

रात्री जेवताना तू विचारलंस, "तुज्या हातात बॉल कवाच न्हाय आला. असं का?" मी समजावलं, की मी पुढच्या ओळीत असते. फरीन बॉल फेकते, तिच्या अंगावर धावून येणाऱ्या पोरींना मी अडवायचं. "म्हंजे मार तू खायाचा आन टाळ्या तिला?" हो म्हटलं. "मंग कनाला जातंस?" मजा येते म्हटलं.  तू माझ्या ताटात माशाची आणखी एक तुकडी वाढलीस फक्त.

मार्चमध्ये तू गेलीस. दुपारी बाजारातून आलीस, छातीत जळजळतंय म्हणालीस, पित्त झालं असेल म्हणून आडवी झालीस. मी तुला लिंबूपाणी करून दिलं. तू अर्धं प्यालीस. संध्याकाळी तू नव्हतीस. इतक्या घाईत कोण जातं गं? बाबा तर दर्यात होते. त्यांना वायरलेसवर निरोप गेला, ते पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती.

त्यानंतर बाबा दर्यात गेलेच नाहीत. मग पावसाळी मासेमारी बंदीचे महिने आले, बोटी वर ओढल्या, बाबा घरात. दर वर्षी तू म्हणायचीस ना, बंदीत या मानसाची बडबड सोसवत न्हाय? या वर्षी बडबड नव्हती. "जेवलीस?" "हो." "दार लावलंस?" "हो." संपलं. एकदा मी कालवण खारट केलं आणि बोलून गेले, "आये असती तर..." बाबा ताटावरून उठले, हात धुतला आणि किनाऱ्यावर निघून गेले. ताट तसंच. त्यानंतर मी तुझं नाव काढलं नाही. त्यांनीही नाही. एका घरात आम्ही दोघं, आणि दोघांच्या मध्ये तुझं न घेतलेलं नाव. मला वाटायचं, तू दोनदा गेलीस.

प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा मी गेलेच नाही. सरांचे फोन घेतले नाहीत. शेवटी एक दिवस फरीन आली. शहरातल्या पूनम सागरहून बसनं इतक्या लांब, पावसात, हातात खजुराचा डबा. बाबांसमोर ओट्यावर बसून म्हणाली, "अंकल, पिछले साल एक भी लड़की मेरे तक पहुँची नहीं, इसके कारण. अब ये नहीं आएगी तो मैं तो गई काम से."

बाबांनी जाळ्यातून मान वर केली. फरीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "जा," म्हणाले. एवढंच.

गेले. मैदान म्हणजे चिखल नुसता. वाटलं होतं, धावले, दमले की बरं वाटेल. पण काय सांगू तुला! सगळ्या पोरी माझ्याशी हळू बोलायला लागल्या. "निकिता, पाणी देऊ?" "निकिता, बसतेस का थोडी?" समोरून कृपा धावत यायची आणि माझ्याजवळ आली की अंग चोरायची. धडक अशी नाहीच. ती शांती नगरची दांडगी कृपा, जिच्यावर तू ओरडली होतीस, ती मला हात लावायला घाबरत होती. घरात कुणी बोलत नाही आणि इथं कुणी धडकत नाही. एवढं एकटं मला स्मशानातून आल्यावरही वाटलं नव्हतं.

चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी मी मैदानाच्या मधोमध ओरडले, "मार ना धडक! मी मेलेली नाहीये!"

  कृपाचा चेहरा पडला. मग तिनं हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि तिच्या गुजरातीत म्हणाली, "पछी रडती नहीं हं."

आणि आली. आये, काय आली! मी पाठीवर पडले, तोंडात चिखल, डोळ्यांसमोर काळं आभाळ. श्वास परत यायला वेळ लागला. पडल्या पडल्या मी कान देऊन वाट बघत होते, की आता तू ओरडशील. मैदानाच्या कडेवरून, पाटी टाकून. कुणी ओरडलं नाही. पाऊस पडत होता फक्त. तेव्हा मला पहिल्यांदा खरं वाटलं, की तू नाहीस. मी हेल्मेटच्या आत रडले, आवाज न करता. हेल्मेटचा हा एक फायदा आहे, बघ. कृपानं हात दिला, मी उठले आणि पुढच्या वेळी तिला पाडलं. त्या दिवसापासून टीम पुन्हा माझ्याशी नीट वागायला लागली.

तुला वाटेल, चला, झालं बरं. पण मग आत्या आली.

पुनवेच्या आधी अर्नाळ्याहून आली, आल्या आल्या ठरवूनच टाकलं. "बापूस आठ-आठ दिस दर्यात, आन तरनी पोर एकटी घरात? मी न्हेते तिला. तिकडं कॉलेज हाय की." मी म्हटलं, माझी टीम आहे, सीझन तोंडावर आलाय. तर म्हणाली, "त्यो धसमुसळा खेळ? उद्या नाक मोडलं तर कोन करील तुला?"

मी बाबांकडं बघितलं. ते सुई-दोरा घेऊन जाळ्यात डोकं घालून बसलेले. एक शब्द नाही! मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगू, तुझाही आला. तू असतीस तर दोन वाक्यांत आत्याला गप्प केलं असतंस. मला का नाही शिकवलंस ते? पुनवेच्या दिवशी येऊन घेऊन जाते असं सांगून आत्या गेली. मी सरांना सांगितलं, ते म्हणाले, घरचं आधी बघ. फरीन दोन दिवस माझ्या शेजारी बसली नाही.

पुनवेच्या आदल्या संध्याकाळी बाबा अंगणात बोटीवर न्यायचं सामान बांधत होते. मी समोर जाऊन बसले.

"बाबा, मला इथंच राहायचंय."

"एकटी?"

"एकटी."

"भ्या न्हाय वाटनार?"

"वाटेल. पण अर्नाळ्याला गेले तर टीम सुटेल. आणि आये पण सुटेल. इथं निदान तिचं घर आहे."

तुझं नाव मी घेतलं होतं. मला वाटलं, आता हे उठणार आणि किनाऱ्यावर जाणार. त्यांनी दोरी खाली ठेवली. उठले नाहीत.  मग म्हणाले, "तुजी आये बी असंच बोलली व्हती. नवीन लगीन, आन मी पैल्यांदा दर्यात निघालो. मी बोललो, माहेरी जा, एकटी कशी रानार? तर बोलती, मंग घर कोन सांबालील?"

"आणि राहिली?"

"रायली! कोयता उशाखाली घिऊन निजायची. यकदा बोट लवकर लागली, मी पहाटंला दार वाजावलं. दार उघडलं आन कोयता माज्यावरच उगारला!"

मी हसायला लागले. बाबाही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी गळ्यातल्या पंच्यानं तोंड झाकून घेतलं. खांदे हलत होते. ते हसत होते की काय करत होते, मी विचारलं नाही. त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आत्या मला न्यायला आली, तेव्हा बाबा म्हणाले, "पोर हितंच रानार. तिची मॅच हाय." आत्या फुगली, जेवली नाही. पण जाताना सुक्या बोंबलांची पिशवी ठेवून गेली आणि मला म्हणाली, रोज फोन कर.

काल बोटीवर चढताना बाबा म्हणाले, "मोबाइलला रेंज नसनार. मॅचचं काय झालं ते आल्यावर सांग." मी मान हलवली. 

आये, मी शूर बिर नाही गं. कालची संध्याकाळ फार वाईट गेली. शेजारच्या काकूंनी दोनदा हाक मारली तरी मी गेले नाही, गेले असते तर रडले असते. टीव्ही लावला, बंद केला. भात एकटीसाठी किती लावायचा तेही कळेना.

आणि एवढी मोठी गोष्ट तू मला कधीच सांगितली नाहीस! मला वाटायचं, तू जन्मतःच कुणाला न घाबरणारी. माझ्याएवढीच होतीस की तेव्हा! याच घरात, अशीच एकटी. संध्याकाळी काय करायचीस? कुणाशी बोलायचीस? बोटी यायच्या दिवशी किती वेळा किनाऱ्यावर जाऊन बघायचीस? हे सगळं मला तुला विचारायचं होतं, आणि विचारायचं आहे हे मला तू गेल्यावर कळलं. मी पण थोडी घाबरते, असं एकदा तरी बोलायचं ना माझ्याशी!

आता बाबांनाच विचारीन. मी तुला शब्द देते, या घरात तुझं नाव दबक्या आवाजात घेणार नाही, आणि बाबांनाही घेऊ देणार नाही. ते ताटावरून उठले तर मी हात धरून बसवीन. बोट किनाऱ्याला लागेल तेव्हा मी तिथं उभी असेन, उद्या जिंकले तरी आणि हरले तरी, आणि सगळी मॅच त्यांना पहिल्यापासून सांगेन. त्यांना काही कळणार नाही. तरी सांगेन.

तुझी बाय,
निकिता