उताऱ्यात नसलेलं उत्तर

शास्त्री नगर, जयपूर
११ फेब्रुवारी २०२५

चि. वरुण,

तुला आणि रुचिताला आईचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. थंडी ओसरली, पण तुझे बाबा अजून कानटोपी काढायला तयार नाहीत.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर बोलायला जावं तर हे समोर बसलेले असतात, आणि तुझं नाव या घरात मोठ्याने घ्यायची सवय आता राहिली नाही. तू हिंदी शाळेत शिकलास, मराठी वाचताना अडखळतोस, हे मला ठाऊक आहे. मतलब, सावकाश वाच. अगदीच अडलं तर रुचिता आहेच.

माझी एक नवी गंमत सांगते. माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला यायची ती सोनल आठवते? ती आता परदेशी लोकांना ऑनलाइन इंग्रजी शिकवायचे वर्ग चालवते. निवृत्त झालेल्या आपल्या बाईंना, म्हणजे मला, तिने ब्राझीलचा एक वर्ग दिलाय. सगळी पोर्तुगीज बोलणारी माणसं. आपले दुपारचे साडेतीन म्हणजे त्यांची सकाळ. कॉफीचे कप घेऊन बसतात. सेलिया म्हणून एक बाई आहेत, त्यांचा जावई आयर्लंडचा आहे. त्याच्याशी नीट भांडता यावं म्हणून इंग्रजी शिकते, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. ओताविओ हॉटेलच्या रिसेप्शनवर असतो. वय सांगताना ही मंडळी ‘माझ्याकडे पन्नास वर्षं आहेत’ असं इंग्रजीत म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत तसंच आहे. चूक आहे, पण सुधारताना माझ्या जिवावर येतं.

तासाची रीत ठरलेली आहे. आधी प्रत्येकाने आपलं नाव आणि गाव सांगायचं. रोज, अगदी रोज, म्हणजे जीभ सैल होते. मग काल काय केलं, उद्या काय करणार, असे काळ घोटायचे. शेवटी मी लिहिलेला एक छोटा उतारा वाचायचा आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. नियम एकच, उत्तर उताऱ्यात शोधायचं, मनाचं काही घालायचं नाही.

तुझे बाबा आधी माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे. मला वाटलं, आले माझ्या चुका काढायला. विमा कंपनीत सगळ्यांचे मसुदे लाल पेनने रंगवण्यात या माणसाची हयात गेली. माझं प्रत्येक पत्र पोस्टात पडण्याआधी त्यांच्या हाताखालून जायचं. पण सेलियाबाईंनी त्यांना मागे बसलेलं पाहिलं आणि पुढे बोलावलं. आता हे माझ्या शेजारी विद्यार्थी म्हणून बसतात. घरच्या नावानेच ओळख करून देतात, बापू. आणि वरुण, कुणाची एकही चूक काढत नाहीत. ओताविओ काळांची पार खिचडी करतो आणि हे मान डोलावून ऐकतात.

माणूस निवळलाय रे. चाळीस वर्षं मी डोकं आपटलं, ते वयाने केलं. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर त्यांनी लाल करून परत पाठवला, तू म्हणालास, लग्नाला येताना ते पेन घरी ठेवून या, आणि हे पेनासकट घरीच राहिले. मी एकटी आले. मांडवात सगळे मला ‘बापू कुठे’ म्हणून विचारत होते. ते सगळं आता सोडून देऊ या. पेन डिसेंबरपासून तसंच पडलंय. मला इतका आनंद झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि तुझ्याशिवाय सांगणार कुणाला?

होळीला ये. ते काही बोलणार नाहीत.

तुझी
आई

•

शास्त्री नगर, जयपूर
२० जून २०२५

चि. वरुण,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं असलं तरी मराठीत लिहिलंस, मी ते सकाळपासून तीनदा वाचलं. ‘बाबांनी स्वतः बोलावलं तर लगेच येईन’ असं म्हणतोस. तुझं म्हणणं मला पटतं. लग्नाला न आलेल्या बापाने एवढं तरी करावं. मी विषय काढणार आहे, जरा वेळ पाहून. इकडे सध्या उन्हाने जीव नकोसा झालाय. दुपारी कूलरपुढे बसून तास घेते.

वर्ग छान चाललाय. बाबांना भूतकाळ फार आवडतो. काल काय केलं असं विचारलं की सांगतात, काल मी चौमूंला गेलो, शाखेची तपासणी केली, मॅनेजरने चहा पाजला. वाक्य अगदी चोख. चौमूंची शाखा त्यांच्याकडे होती तेव्हा तू दुसरीत होतास. पण वर्गात कुणाला काय कळणार? तिथे कालची गोष्ट खरी असावी लागत नाही, क्रियापद बरोबर असलं की झालं. एखादा शब्द अडला की हे डोळे मिटून थांबतात, आणि बाकीचेही थांबतात, कारण त्यांचंही तसंच होतं. ओताविओ तर कधीकधी एका शब्दासाठी मिनिटभर छताकडे पाहत बसतो. मला तो तास फार बरा वाटतो. दिवसातला तेवढाच.

गेल्या महिन्यात परीक्षा झाली. सेलियाबाई, ओताविओ, सगळे वरच्या वर्गात गेले. बापू राहिले. सेलियाबाईंनी जाताना त्यांना सांगितलं, नाराज होऊ नका, मीही पहिल्यांदा नापास झाले होते. नवे लोक आलेत आणि आम्ही पुन्हा नाव आणि गाव यापासून सुरुवात केलीय. हे अजिबात कंटाळत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. परवा मी आंघोळीला गेले असताना हे इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन बाहेर पडले. औषधाच्या दुकानातले नंदकिशोरजी त्यांना घेऊन आले. चौमूंची बस कुठून मिळते म्हणून विचारत होते म्हणे. नंदकिशोरजी दारात चप्पल न काढता उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “भाभीजी, भाईसाहब को अकेले मत छोड़िए.” ऊन लागलं असेल. मी ताक दिलं, मग हे झोपले.

तू काळजी करू नकोस. बाबांना विचारलं की कळवते.

तुझी
आई

•

शास्त्री नगर, जयपूर
९ सप्टेंबर २०२५

वरुण बाळा,

तुझी दोन पत्रं आली आणि मी दोन्हींना उत्तर दिलं नाही. दोन्हीत तू एकच विचारलंस, बाबा काय म्हणाले? दुसऱ्या पत्रात जरा रागही दिसला. असायलाच हवा. वाट पाहायला लावून आई गप्प बसली म्हणजे काय समजायचं माणसाने?

मी सांगायचं टाळत होते. आता सांगते. तुझे बाबा निवळलेले नाहीत. त्यांना आठवत नाही. चुका काढत नाहीत कारण चुका त्यांना दिसत नाहीत. पत्रिका, भांडण, ते लाल पेन, सगळं गेलं. मी त्यालाच माया समजले आणि देवापुढे साखर ठेवली. डॉक्टरांकडे मी त्यांना जुलैतच नेलं. तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो काढले. हे मागे फिरणारं दुखणं नाही, असं ते म्हणाले. गोळ्यांनी थोडं सावकाश होईल, एवढंच. घरी येताना रिक्षात यांनी मला विचारलं, अगं, आपण कुणाला बघायला आलो होतो? मी म्हटलं, माझी तब्येत दाखवायला. तर घरी पोचेपर्यंत माझा हात धरून बसले.

तरीही मला वाटत होतं की तुझं नाव शिल्लक असेल. नवराबायकोचं काय, रोज समोर असतात. पण पोटचं पोर कुठेतरी खोल राहतं, असं मी धरून चालले होते. त्यांना सरळ विचारायचं धैर्य होईना. मग गेल्या आठवड्यात मी तुझा उतारा लिहिला.

एक माणूस रविवारी आपल्या लहान मुलाला घेऊन बसने आमेरला जातो. मुलगा हत्तीला घाबरतो, म्हणून बाबा त्याला खांद्यावर घेतात. किल्ल्याच्या भिंतीवरून मुलाचा एक बूट खाली पडतो. बाबा संध्याकाळपर्यंत झुडपांत बूट शोधतात आणि शेवटची बस चुकते. आठवतंय ना? घरी आलात तेव्हा तुझा उरलेला बूट त्यांच्या कोटाच्या खिशात होता आणि तू त्यांच्या खांद्यावर झोपला होतास. रागवायच्या ऐवजी हसत होते. मुद्दामच मी मुलाचं नाव लिहिलं नाही.

मुलाचं काय हरवलं? बापूंनी हात वर केला, बूट. बस का चुकली? बाबा बूट शोधत होते म्हणून. नव्या वर्गातली मंडळी कौतुकाने पाहत होती. मग मी विचारलं, मुलाचं नाव काय? बाकीचे गोंधळले. तुझे बाबा पडद्याजवळ सरकले, ओळीखाली बोट धरून सगळा उतारा पहिल्यापासून वाचला, पुन्हा वाचला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग ते माझ्याकडे वळून इंग्रजीत, अगदी शांतपणे म्हणाले, “ते उताऱ्यात दिलेलं नाही.”

मी म्हटलं, बरोबर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे लाजले.

तास संपल्यावर मी सांगितलं की तो मुलगा आपला, वरुण, पुण्याला असतो. पाहुण्याचं ऐकावं तसं त्यांनी ऐकून घेतलं. ‘असं का’ म्हणाले. मग चहा मागितला. मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले, वरुण. तुम्हा दोघांत मी तीन वर्षं निरोप्यासारखी उभी आहे, आणि आता निरोप द्यायला पलीकडे कुणी नाही.

म्हणून तुला सांगते, ते बोलावतील याची वाट पाहू नकोस. ते बोलावणार नाहीत, आणि तो त्यांचा हट्ट नाही. तुझा राग खरा आहे, तो मी खोटा म्हणत नाही. पण तो ज्यांच्यावर आहे ते रोज थोडे थोडे घरातून जाताहेत.

आणि आलास तर दारात उभा राहून ‘बाबा, ओळखलं का’ असं विचारू नकोस. शेजारपाजारचे सगळे तेच करतात. हे बिचारे कानकोंडे होतात, हसतात, माझ्याकडे बघतात. त्यापेक्षा आधी वर्गात ये. सोनलशी बोलून ठेवलंय, ती तुला लिंक पाठवेल. तुझं इंग्रजी आमच्यापेक्षा चांगलं आहे, जरा वाईट बोल. तिथे रोज सगळ्यांनी नव्याने नाव सांगायचं असतं, म्हणून तिथे कुणी कुणाला विसरलेलं दिसत नाही. नाव विचारायचं काम हल्ली मी बापूंनाच दिलंय. ते फार मन लावून ऐकतात. ऐकलं की ते नाव एकदा स्वतः म्हणून बघतात. तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल, आणि त्यात राग नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतील. तू पुन्हा सांग. असे काही दिवस गेले, तुझा आवाज त्यांच्या कानाला सवयीचा झाला, की घरी ये.

काल पत्र इथवर आलं होतं आणि मी चहा टाकायला उठले. परत येते तर हे माझ्या खुर्चीत बसून कागद वाचत होते. मी तशीच दारात उभी राहिले, हिसकावून घ्यायचं सुचलं नाही. लाल पेन हाताशीच होतं. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी पानं जुळवून सारखी केली, कुठेही खूण केली नाही. डोळे भरले होते त्यांचे. म्हणाले, “मधू, उतारा चांगला झालाय. पण शेवटी तो मुलगा येतो का?”

मी म्हटलं, ते उताऱ्यात दिलेलं नाही.

वर्ग दुपारी साडेतीनला.

तुझी
आई