वाकडे स्टंप

रविवार, १० ऑगस्ट २००८

टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर मॅच अडखळायची. बाबांना तर स्टंपही वाकडे दिसायचे. मी म्हणालो, ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय. महिनाभर चौकशी केली. बेव्हर्ली पार्क भागातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने विचारलं, "गेम खेलना है, या सिर्फ पिक्चर?" आवाज नको म्हणून बिनपंख्याचं कार्ड घेतलं.

आज बसवलं. चेंडू न अडखळता सीमेपार गेला.

"आता?"

"स्टंप वाकडेच आहेत रे."

मला ते सरळ दिसत होते. पहिल्यापासून सरळच दिसत होते. मग फक्त त्यांनाच वाकडे का, हे मी एकदाही विचारलं नाही?

"बाबा, खिडकीचे गज कसे दिसतात?"

"तेही वाकडेच. पण तू इतक्या खात्रीने कार्ड म्हणालास, म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो नाही."