डाव्या अंगाचं वजन

मार्गशीर्ष व. ५, बुधवार. जालना.
उद्या पुन्हा दौरा. सगळं बांधून झालं. तंबू, खुंट्या, स्टोव्ह, पिठाचा डबा, लशीची पेटी. हे सगळं फटफटीच्या मागच्या दोनचाकी गाडीत. मी बाजूला जोडलेल्या डब्यात. सा. वर, घोड्यावर बसल्यासारखे. (सा. म्हणजे साहेब, म्हणजे नवरा. ढोरांचे डॉक्टर. नाव घ्यायचं नसतं, आणि ‘हे’ लिहिण्याइतकी माया आज शिल्लक नाही.)

बाजारात भोकरदनचा एक माणूस भेटला. दादाचा निरोप घेऊन आलेला. आईचा एक डोळा गेलाच, दुसराही मंदावत चाललाय. “डोळ्यानं दिसतंय तवर तोंड दाखवून जाय म्हणले.” सा. ना सांगितलं. म्हणाले, दौरा खालच्या अंगाचा आहे, भोकरदन वर राहिलं. जसं काही माझं माहेर कुठे आहे ते मला ठाऊक नाही! मग म्हणाले, शहागडहून परतलो की संक्रांतीच्या आत सोडतो. बघू.

व. ७, शुक्रवार. अंबड.
अंग खिळखिळं झालंय. रस्ता कसला, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या नुसत्या. धूळ सगळी माझी. सा. ना डोळ्यांवर चष्मा, मला पदर. लग्नात भटजींनी डावीकडे बसवलं ते मी अजून डावीकडेच. रस्ता डावीकडे वळला की सा. ओरडतात, “झूक!” की मी डब्याबाहेर अर्धी लोंबायचं. बाभळीनं आज कान ओरबाडला. उजव्या वळणाला मात्र मी आहे की मेले, याची चौकशी नाही.

अंबडच्या वेशीपासून पोरं मागे. झूक, झूक! एक म्हातारी काठी टेकून उभी होती, तिनं विचारलं, “कोन्त्या बैलाला हाकून राह्यले हो?” सा. हसले. मी नाही.

लुगड्याच्या काठाला तेलाचा डाग. नवंकोरं लुगडं.

व. ८, शनिवार. अंबड.
तंबू आमराईत. बैलगाडीतून पुढे निघालेला करीम चपराशी आमच्या मागून पोचला, त्यामुळे तंबूही मीच सा. बरोबर ठोकला. खुंटी धरायला मी, हातोडा मारायला ते. बोट वाचलं.

दुपारी गावची चार मोठी माणसं आली. मी आत चहा करत होते. कुणीतरी विचारलं, घरच्या बाईला कशाला असं रानोमाळ फिरवता? सा. म्हणाले, “ही बरोबर असली की वजन राह्यतं. एकट्यानं न्हाई जमत.”

चहा उतू गेला. जाऊ दे. सहा वर्षांत माझ्याबद्दल चारचौघांत चांगला शब्द हा पहिला. वजन राहतं म्हणाले. त्यांना चहात साखर जास्त घातली.

व. ११, मंगळवार. तीर्थपुरी.
इथं बुळकांडी रोग आहे आणि गावात एक ढोर दिसत नाही! सा. वेशीत उभं राहून ओरडले, लस टोचल्याशिवाय जनावरं वाचणार नाहीत. लोक म्हणाले, आमच्याकडे ढोरंच न्हाईत. शेणाचा ढीग समोर, माणसाच्या उंचीचा. सा. चं डोकं फिरलं. सरकारचं नाव घेतलं, तशी उरलेली माणसंही घरात शिरली.

मी विहिरीवर गेले. बायका आधी दूर सरकल्या. मग एकीनं डब्याबद्दल विचारलं. बसायला कसं वाटतं, भ्या वाटतं का, आत पोरगं झोपवता येतं का. एकदम सगळ्या बोलायला लागल्या. पाटलीणबाई म्हणाली, “सुईनं गाय आटती म्हंत्यात.” मी म्हटलं, आमची स्वतःची गाय आहे जालन्याला, तिला दोनदा टोचली, वासरू पाजून तांब्याभर उरतं. खरंच आहे ते. गाय माझीच आहे, माहेरून आणलेली. पाटलीणबाईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “नाल्यात हाईत सगळी. सांजच्याला आणते.”

आणली. सगळ्या गावानं आणली.

व. १२, बुधवार. तीर्थपुरी.
सा. नी पाटलाला सांगितलं, सरकारी माणसानं आवाज चढवला की लोक ऐकतात. मी तिथंच होते, सुया उकळत. पाटलानं माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. बिचाऱ्याला बायकोनं सगळं सांगितलेलं असणार.

रागानं भाकरी थापली, दोन करपल्या. करपलेल्या त्यांना वाढल्या. पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं. वजन म्हणतात ते हेच. ते ओरडतात आणि काम माझ्यामुळे होतं. त्यांना ते ठाऊक आहे, फक्त तोंडानं म्हणवत नाही. अंबडला एकदा म्हणवलं, तेवढं पुरे. असं मी मला समजावलं. मूर्ख!

अमावास्या, शनिवार. शहागड.
गंगेकाठी (इथली गंगा म्हणजे गोदावरी) तंबू. वारा असा की स्टोव्ह पेटेना. तरी मन हलकं होतं, कारण इथून मागे फिरायचं.

सकाळी करीमचाचा डबा पुसत होते. चांगला माणूस, सा. नोकरीला लागल्यापासून बरोबर आहे. मी म्हटलं, चाचा, मी नव्हते तेव्हा गावातली कामं कशी व्हायची हो?

“होती थीं बाईसाब, ऐसीच.”

पण साहेबांचं एकट्याचं वजन...

“वजन के वास्ते गोनी रखते थे ना.”

मला कळेना. मग त्यांनी हातानं करून दाखवलं. डबा रिकामा असला तर डाव्या वळणाला तो हवेत उठतो, सगळी गाडी उलटते. म्हणून आत काहीतरी जड पाहिजे. लग्नाआधी मातीनं भरलेली गोणी असायची. “मगर गोनी से आप अच्छे. गोनी झुकती नईं.”

कौतुकानं म्हणाले हो चाचा. अगदी मनापासून.

मी गंगेवर जाऊन भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

पौष शु. २, सोमवार. शहागड.
दोन दिवस बोलले नाही. सा. च्या ध्यानातही आलं नाही. आज स्वतःच सांगू लागले, नदीपलीकडच्या गावांतून बोलावणं आलंय, पलीकडे जाऊ, भोकरदनचं संक्रांतीनंतर पाहू. आई कुठे पळून जाते का?

मी म्हटलं, आई नाही पळत. डोळे पळतात.

म्हणाले, मग जनावरं मरू द्यायची?

खरं आहे तेही. जनावरं मरतायत. मी कुठे म्हटलं मरू द्या? मी म्हटलं, तुम्ही जा. मला नेऊन सोडा आणि माझ्या जागी गोणी ठेवा, पहिली होतीच की. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “कोणी सांगितलं?” म्हणजे लाज आहे, कळतंय त्यांना. मी म्हटलं, अंबडला तुम्हीच सांगितलंत, चार माणसांत, मीच अडाणी, मला मान वाटला तो.

“तसं न्हाई ते,” म्हणाले.

मग कसं आहे? नुसते टोपी झटकत बसले.

शु. ३, मंगळवार.
डब्यात बसणार नाही म्हणून सांगितलं. भोकरदनला जाणार असाल तरच. नाहीतर मी इथेच वाळूत बसते, तुमची फटफटी आणि तुम्ही. करीमचाचा तंबूच्या मागे जाऊन उगाच दोऱ्या सोडत राहिले. चाचांना वाटतंय त्यांचं चुकलं. त्यांचं काय चुकलं?

सा. नी शेवटी लाथ मारून गाडी सुरू केली. म्हणाले, “बस.” कुठे जायचं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तोंड मात्र जालन्याच्या रस्त्याला वळलं. वाटेभर झूक ओरडले नाहीत. एका वळणाला डबा हवेत उठलाच, तरी ओरडले नाहीत. मी आपली आपण झुकले. मेले असते तर कुणाचं काय गेलं असतं?

शु. ५, गुरुवार. भोकरदन.
आई.

हात धरून अंगणात घेऊन गेली. “उजेडाला ये, गोदे.” हनुवटी धरून मान तिरकी केली आणि एका डोळ्यानं बघत राहिली. बघून झालं की पुन्हा बघायची. “केवढी काळी पडलीस गं.” मी म्हटलं, आई, धूळ आहे ती. “मंग असू दे. दिसली तर खरी.”

सा. ओसरीवर. दादाशी पिकाचं बोलले. माझ्याशी एक शब्द नाही. मलाही नको होता.

शु. ६, शुक्रवार. भोकरदन.
सा. गेले. सकाळी दादाला म्हणाले, एक गोणी पाहिजे, माती भरून. दादाला काय माहीत, त्यानं शेतातली काळी माती भरून आणली, दोघांनी उचलून डब्यात ठेवली. माती सांडू नये म्हणून सा. नी वरून घोंगडी बांधली. मी गुडघ्यांवर घ्यायचे तीच. मला सगळं न्हाणीच्या दारातून दिसत होतं. मी पुढे गेले नाही.

आई दारात उभी होती. फटफटी सुरू झाली, वळली. आईनं पुढे होऊन हात हलवला आणि रडायला लागली. मोठ्यानं म्हणाली, “नीट जाय गं, गोदे! पदर सांभाळ बाई!”

गाडी बाजाराच्या तोंडाशी गेली तरी तिचा हात वरच.

मी न्हाणीतून अंगणात आले. मग म्हटलं, आई, मी इथंच आहे.

आई वळली. आवाजाच्या दिशेनं बघत राहिली. “मंग त्या डब्यात कोन गेलं?”

गोणी आहे ती आई. मातीची.

आईनं हात खाली घेतला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, “अगदी तुझ्यावानी बसल्ती गं.”

शु. ९, सोमवार. संक्रांत.
बायका आल्या होत्या. सगळ्यांना डब्याचंच ऐकायचं. मी पलीकडच्या गल्लीतही गेले नाही वाणाला. आईला तिळाची पोळी भरवली, ती म्हणे मी काय आंधळी आहे का. भांडलो. बरं वाटलं भांडून.

शु. १२, गुरुवार.
आज आईनं मला वहिनी समजून हाक मारली. मी ओ दिली. काय करणार?

सा. कडून काही निरोप नाही. नकोच आहे. पलीकडच्या गावांत बायका विहिरीवर सरकल्या असतील आणि गोणी काही त्यांच्याशी बोलली नसेल. ढोरं मात्र मरू नयेत. पाटलीणबाईची तर नकोच.

पौष व. २, मंगळवार. भोकरदन.
आवाज आधी आईलाच ऐकू आला. कान अजून शाबूत आहेत. “आला गं.” मी चूल सोडून बाहेर गेले नाही.

सा. लंगडत आत आले. कोपर सोललेलं, मागच्या गाडीची दांडी वाकलेली, करीमचाचांचा पत्ता नाही, ते बैलगाडीनं येतायत. दादानं विचारलं, काय झालं दाजी? म्हणाले, “डाव्या वळणाला उलटली.” मग पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला आणि दादाकडेच बघून म्हणाले, “गोणी झुकत न्हाई.”

दादाला वाटलं हे मोटारीचं काहीतरी असेल. त्यानं मान हलवली. मी आतून ऐकत होते. एवढंच? नदीपलीकडच्या गावांचं काय झालं विचारलं दादानं. “निम्मी ढोरं दडवली लोकांनी. बायाच बोलंनात.” हे मात्र आत बघून म्हणाले, जरा मोठ्यानं.

जेवताना पहिल्यांदा माझ्याशी बोलले. उद्या निघायचं का? असं. निघ नाही, निघायचं का.

मी भाकरी वाढली. करपलेली नव्हती.

आईला विचारलं. म्हणाली, जाय. म्हणाली आणि माझा हात काही सोडेना, दुखेपर्यंत धरून ठेवला.

डबा अंगणात रिकामा उभा आहे. घोंगडी आहे, गोणी नाही. फुटली असेल नाहीतर दिली असेल टाकून वाटेतच. माती आमच्या शेतातली होती. ती कुठे टाकली ते आधी विचारते. मग बघू.