तुझ्या बापाचा हात

प्रिय उत्कर्ष,

नोकरी सोडतो म्हणून जो कागद तू हेडमास्तरले देणार हायेस, तो अजून खिशातच ठेव. हे पत्र आधी पुरं वाच, मंग तुले वाटंल ते कर. चौथी शिकलेली बाई लिहून राह्यली, अक्षर पाहून दात काढू नको. लिहून झालं का निता याचे फोटो काढून तुले मोबाइलवर पाठवंल. शेजारचीच सून ते, तिले माहीत नाही असं यात काही नाही. फोनवर सांगितलं असतं, पण घरात फोन एकच, तुझ्या बापाचा. तुझा फोन आला का तो स्पीकर लावून मांडीवर घेऊन बसते, अन् आमी दोघी सासूसुना त्याच्या तोंडाकडं पाहून बोलतो.

तुझ्या बापानं, जगदेवनं, तुले सांगितलं का सोयाबीनच्या ट्रॉलीवरून पडलो, उजवा हात मोडला, आता घरदार तुझ्या हवाली. तू लागला रडाले. म्हणे मालदीवची नोकरी सोडून येतो, मेडशीच्या शाळेत भेटंल त्या पगारावर शिकवीन. अरे, त्या बेटावर तू काही मजेत नाही हे मले ठाऊक हाये. चारी बाजूनं पाणी, अन् प्यायले पावसाचं साठवलेलं. सकाळी मासा, सांजेले मासा. मागं तू म्हणाला का ज्वारीच्या पिठाचा डबा उघडून नुसता वास घेत बसतो. मी म्हटलं, वासानं पोट भरत असंल तर चांगलंच हाये, पीठ तरी पुरंल. पण ते पोरं तुह्या मांगं सर सर करत हिंडतात, हे मी फोनमंदी पाह्यलं. ते सोडून तू कोणासाठी येऊन राह्यला, ते तुले कळलं पाहिजे.

मागच्या सुट्टीत तू आला तवा अंगणात बसून सांगत होता का तुमच्या शाळेत पोरावर हात उचलला तर मास्तरले त्याच दिवशी घरी पाठवतात. जगदेव हसला. मारल्याबिगर पोरं शिकतात कशी, म्हणे. तू कौतुकानं समजावून सांगत होता, अन् तुझी माय वैजयंती चुलीपाशी मान खाली घालून बसली होती. तो महिनाभर कसा वागला, आठव. पाणी भरे, वैजयंतीले अहो-जाहो करे, जसा काही अंगावर भन्तेचं चीवर घालूनच हिंडून राह्यला. तुझी बस निघाली तवा रडला. बस वळणाआड गेली, अन् ज्या हातानं डोळे पुसले त्याच हातानं तिच्या कानाखाली अशी ठेवून देल्ली का ते तिथंच रस्त्यावर बसली. कायले, तर तुले डबा देताना तिनं रडून तमाशा केला. पोरासाठी त्यानंच रडायचं होतं, तिनं नाही.

तू पाचवीपासून अकोल्याच्या वसतिगृहात, तुले काय दिसणार. तिचा समोरचा दात मोरीत घसरून पडला नाही. पाठीवरचा डाग तेल उडून झाला नाही, भाकरी उलथायचा सराटा तापवून ठेवला त्यानं, भाजीत खारटपणा जास्त झाला म्हणून. व्हिडिओवर ते पदर गळ्यापर्यंत ओढून बसते, तू म्हणतो माय किती लाजते. लाजत नाही ते. तू बापासाठी कातडी पट्टा आणला होता ना, पितळी बक्कलचा? ते बक्कल तिच्या गळ्याखाली उमटलं हाये, चारी कोपऱ्यांसकट. तुले वाईट वाटंल म्हणून तिनं मले शपथ घातली होती का उत्कर्षले हे सांगायचं नाही. मी शपथ घेतली अन् मोडली, मले काही झालं नाही.

तुझ्या आज्यानंही एकदा माझ्यावर हात टाकला होता. मी मनगटाले असे दात रोवले का रक्त माझ्या हनुवटीवरून वाह्यलं. मरेपर्यंत तो माणूस माझ्याशी लांबून बोले. वैजयंतीले ते जमत नाही. ते मार खाते अन् मारणाऱ्यालेच जेवाले वाढते.

त्याचा हात मोडला त्या दुपारी तू वर्गातून फोन केला होता. तुह्या पोरांनी एका दमात 'जय भीम, माय' म्हटलं, तूच शिकवलं असंल. तुझी माय हसली. मी या घरात तिले इतकं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. तू म्हणाला का माय, तुझा पासपोर्ट काढून ठेवलाच हाये तर तुले महिनाभर इकडं आणतो. फोन बंद झाला. जगदेव उठला, तिची वेणी मनगटाले गुंडाळली अन् तिचं डोकं ओट्याच्या दगडावर आपटलं. पोरापाशी जाऊन माझी बदनामी करतं काय, म्हणे. दुसऱ्यांदा आपटलं तवा भिंतीवर रक्त उडालं. मी ओट्यावरच ठेचा वाटत होती. त्याचा हात वेणीसकट दगडावर टेकलेला होता, मनगटाच्या सांध्यापाशी. मी दोन्ही हातांनी वरवंटा उचलला अन् तिथं घातला. तुरीची वाळकी काडी मोडते तसा आवाज आला. मंग परत घातला, कारण त्यानं वेणी सोडली नव्हती.

तर असा तो ट्रॉलीवरून पडला. आई मारते हे गावाले सांगायची त्याले लाज वाटते, म्हणून ट्रॉली. वैजयंतीच्या डोक्याले टाके पडले, अन् ते आता त्यालेच घास भरवून राह्यली. म्हणते का हात बरा झाला का माणूस सुधरंल. दिवाळी झाली का प्लास्टर निघते. तवरपर्यंत तो डाव्या हातानं पाण्याचे गडवे फेकून मारते, अन् त्याचा नेम रोज सुधरून राह्यला. म्हणून हे पत्र लिहिलं. घर सांभाळाले येऊ नको, तू इथं राह्यला तर तो पुन्हा साधू होईल, अन् तू शाळेत गेला का पुन्हा जगदेव. सुट्टी टाक, प्लास्टर निघायच्या आधी ये, अन् मायले घेऊन परत जा. ते नाही म्हणंल, भाकरी कोण थापंल म्हणंल. ऐकू नको, हाताले धरून गाडीत बसव. पासपोर्ट माझ्या पेटीत हाये. त्यानं सारं घर उलथून पाह्यलं, पण माझ्या लुगड्यांले हात लावाची अजून त्याची छाती नाही. तिथं मासे खाऊन तिले उलट्या झाल्या तरी चालंल. माझी फिकीर करू नको. मी कुठी जात नाही. जगदेव माझ्या पोटचा हाये, त्याले मी पुरी पडते.

तुझीच,
आजी