मिरिन फ्रिजमध्ये ठेवू नये

मी, इनागाकी फुसाए, वय एकोणऐंशी, राहणार हेकिनान, आइची, 'फुजिमात्सु' या खाणावळीची मालकीण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही. मला कोणी धमकावलेले नाही आणि गोड बोलून भुलवलेलेही नाही. दुपारी जेवताना मिरिनचा, म्हणजे स्वयंपाकात घालायच्या तांदळाच्या गोड दारूचा, एक घोट घेतला होता, तो लपवत नाही. आमच्या गावात मिरिन बनते, आणि इथे एका घोटाला कोणी दारू पिणे म्हणत नाही.

यापूर्वी एकदा मी असाच कागद केला होता. त्यात सगळे काही नवऱ्याला दिले होते. तो माझ्या आधी गेला, त्यामुळे तो कागद रद्द समजावा.

कलम एक. बँकेतील ठेव, पोस्टातली बचत आणि माझ्या नवऱ्याचे मासे धरायचे सगळे गळ माझा एकुलता एक मुलगा योशिनारी याला द्यावेत. कायद्याने मुलाला जो किमान वाटा मिळायचा तो त्यात पुरेपूर येतो, हे मी विचारून घेतले आहे. त्याने वकिलाकडे बूट झिजवू नयेत.

योशिनारी वाईट मुलगा नाही. लहानपणी मिरिन गाळून उरलेला चोथा तो खिशात भरून शाळेत न्यायचा. पांढरा, भुसभुशीत, गोड चोथा. आमच्याकडे पोरे तो खाऊसारखी खातात. पण त्यात थोडी दारू उरतेच. पोरगा पहिल्या तासाला बाकावर डोके टेकून झोपायचा. बाईंनी मला बोलावून विचारले, घरी झोप होत नाही का याची? मी खरे कारण सांगितले, तेव्हा त्यांनीही एक पुडी मागून घेतली. असा गोड मुलगा होता. मोठेपणी नागोयाला गेला आणि त्याची जीभ सुपरमार्केटची झाली. ग्लुकोजच्या पाकात मीठ आणि आंबटपणा घालून 'मिरिनसारखे' म्हणून बाटलीत विकतात, ते तो वापरतो. मी बोलले तर म्हणतो, गोड ते गोड, आई, त्यात काय एवढं. त्याला पैसे देते आणि स्वयंपाकघर देत नाही, त्याचे कारण हे एवढेच. राग नाही. सणावाराला येतो, दोन वाट्या भात जास्त खाऊन जातो.

कलम दोन. हत्यारे आणि भांडी. सुऱ्या, माशावर थेट टेकणारी सुरूच्या लाकडाची झाकणे, कोळशाची शेगडी आणि तांब्याचे लहान पातेले होरी चिगुसा हिला द्यावे. ती कोण ते पुढे येईल.

पातेल्याबद्दल थोडे लिहिते, कारण माझे लग्न त्यातूनच उगवले. कच्च्या माशावरच्या रसात मिरिन घालायचे तर आधी उकळून त्यातली दारू उडवावी लागते. घाईत असले की काडी लावून जाळतात. माझा नवरा शिगेझो मला बघायला यायच्या आदल्या दिवशी या पातेल्यावर वाकला होता, तेव्हा ज्वाळा उठली आणि दोन्ही भुवया गेल्या. त्याच्या आईने पेन्सिलीने नव्या काढून दिल्या. ऑगस्टचा उकाडा, त्यात माझ्या वडिलांचे प्रश्न. घामाने एक भुवई गालापर्यंत आली. मला हसू आवरेना. मध्यस्थ बाईंनी टेबलाखालून मला चिमटा काढला. मी विचारले, भुवयांना काय झालं? तो खाली मान घालून म्हणाला, "मिरिनमधली दारू जळते तेव्हा वास बदलतो. कधी बदलतो ते बघायला जरा जास्तच जवळ गेलो." हा माणूस मला चालेल, असे मी घरी पोचायच्या आत आईला सांगून टाकले. त्याच्याबरोबरचे एकही वर्ष वाया गेले नाही.

कलम तीन. मिरिनबद्दल. ज्याला स्वयंपाकघर मिळेल त्याच्यावर हे कलम बंधनकारक आहे.

बाटलीची पुढची बाजू बघू नये. तिथे सगळेच साधू असतात. मागची बाजू वाचावी. चिकट तांदूळ, कोजीची बुरशी चढवलेला तांदूळ, तांदळाची कडक दारू, बस. साखर लिहिली असेल तर बाटली परत फळीवर ठेवावी, कारण गोडी तांदळाने स्वतः करायची असते. मीठ असेल तर बोलूच नये. रंग फिका असला तर कोवळे, मधासारखा असला तर मुरलेले. दोन्ही चांगले, पण उकडलेल्या भाजीला कोवळे घ्यावे आणि माशाला मुरलेले. संशय आला तर चमचाभर प्यावे. जे पिववत नाही ते माझ्या पातेल्यात जाणार नाही.

मासा शिजवताना मिरिन आधी पडावे. मांस घट्ट राहते, तुकडे होत नाहीत, वास जातो. कडधान्य मऊ करायचे असेल तर मात्र शेवटी. आणि उतरवण्यापूर्वी थोडे वरून फिरवले की मासा आरशासारखा चकाकतो. घरी जेवणाऱ्यांना त्याची गरज नसते, पण आपल्याकडे लोक पैसे देऊन येतात.

आणि मिरिन फ्रिजमध्ये ठेवू नये. ही चूक या घरात एकदाच झाली, तीही चिगुसाकडून. ती योशिनारीची बायको होऊन हिदाच्या डोंगरातून आमच्याकडे आली. माहेरी ती 'मिरिनसारखी' बाटली असायची, आणि ती उघडली की थंडीतच ठेवावी लागते. त्या सवयीने नव्या नवरीने माझी जुनी बाटली फ्रिजमध्ये सरकवली. आठवड्याने पाहतो तर तळाशी पांढरे खडे. योशिनारी म्हणाला, नासलंय, ओतून दे. चिगुसाने बाटली त्याच्या हातातून काढून घेतली, लांब काडीने तळाचा खडा उचलला आणि जिभेवर ठेवला.

"सासूबाई, ही साखरच आहे," ती म्हणाली. "थंडीनं गोठलीय बिचारी. कोमट पाण्यात उभी करू का?"

मी ओरडायला तोंड उघडले होते, ते तसेच मिटले. नासले म्हणून ओतून टाकणारे पुष्कळ भेटतात. चाखून बघणारी मला ती पहिलीच भेटली.

कलम चार. समोरच्या सुशीच्या दुकानाचे मालक कामिया तोकुजी यांना मुरलेल्या मिरिनची एक मोठी बाटली द्यावी. हे गृहस्थ आयुष्यभर माझ्या दारात उभे राहून सांगत आले की साके आणि साखर एकत्र केली की तेच होते, मिरिन म्हणजे बायकांचे चोचले. मागच्या उन्हाळ्यात हेच तोकुजीसान नोबुएच्या दारूच्या दुकानात मागच्या बाकावर बसून बर्फ घातलेले मिरिन घुटके घेत पीत होते. मी पाहिले. त्यांनी मला पाहिले. दोघांनीही काही पाहिले नाही असे ठरले. बाटलीची अट अशी की त्यांनी ती आपल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर अंड्याच्या वड्यांत घालावी आणि विचारले तर नाव सांगावे. ही अट मी त्यांना आधीच वाचून दाखवली आहे. ते म्हणाले, "फुसाएसान, मेल्यावरसुद्धा तू माझ्या चुलीशी येऊन बसणार." बसणारच.

कलम पाच. घर आणि खालची खाणावळ, जमिनीसकट, होरी चिगुसा हिला.

आता ती कोण ते लिहिते, कारण कायद्याने ती माझी कोणी नाही. ती माझ्या मुलाची पूर्वीची बायको. दोघांचे पटले नाही, घटस्फोट झाला, तिने होरी हे माहेरचे आडनाव परत घेतले, योशिनारीने नागोयात दुसरे लग्न केले, सुखी आहे. चिगुसा सामान बांधून खाली आली, तेव्हा दुपारच्या गिऱ्हाइकांची वेळ होती आणि चुलीवर मासा होता. तिने पिशवी कोपऱ्यात ठेवली, एप्रन बांधला. पिशवी पुन्हा उचलली ती वर न्यायला. तेव्हापासून ती मला 'मालकीणबाई' म्हणते आणि पगार घेते.

गेल्या शरदात मी तिला सांगितले की खाणावळ तुझ्या नावे करते. ती कांदा चिरत होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "मालकीणबाई, मी तुमची कोण? सोडलेली सून घर गिळून बसली, असं सगळी गल्ली बोलेल. फुकटचं मी घेणार नाही." त्याच सुमारास गामागोरीच्या एका गरम झऱ्याच्या सरायीने तिला स्वयंपाकघर सांभाळायला बोलावले होते आणि नव्या वर्षात उत्तर मागितले होते. पगार चांगला, समुद्र समोर. तिने सांगितले नव्हते; नोबुएने सांगितले. ती गेली तर माझ्यामागे ही चूल विझेल, हे मला स्पष्ट दिसत होते. मग मी कचेरीतून दत्तकाचे कागद आणले. आमच्याकडे दुकान चालावे म्हणून मोठ्या माणसांनाही दत्तक घेतात, त्यात नवे काही नाही. मी कागद तिच्या पुढ्यात ठेवले. म्हटले, मी तुमची कोण, याचं उत्तर हे घे.

तिने वाचले. मग फक्त एवढे विचारले, "म्हणजे योशिनारी माझे भाऊ होणार?"

मी म्हटले, नवरा म्हणून जमलं नाही, भाऊ म्हणून जमेल. ती हसली खरी, पण सही केली नाही. कागद मसाल्याच्या डब्याखाली ठेवून दिले. मी योशिनारीला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "आई, तिला सांग, माझी हरकत नाही. आणि राखीबिखी काही नसेल ना आपल्यात?" मी म्हटले, आपल्याकडे नसते रे, तू कुठे काय वाचून येतोस.

डिसेंबर असाच गेला; आज त्याचा शेवटचा दिवस. मी विचारले नाही. कागद डब्याखालीच आहेत. मला झोप नीट लागली नाही, हे इथे लिहून ठेवते.

कलम सहा. माझ्या तेराव्यासारखे जे काही जेवण घालाल ते बाहेरून डब्यांत आणू नये. इथेच शिजवावे. रडायचे असेल त्याने आधी जेवावे.

कलम सात. हे नव्या वर्षात लिहिले आहे.

पहिल्या तारखेच्या सकाळी आमच्याकडे मिरिनमध्ये मसाले मुरवून केलेले तोसो पितात. एकच लाल उथळ कप घरातल्या सर्वांत लहानापासून सुरू होऊन मोठ्यापर्यंत येतो. हे घरच्यांचे पेय, बाहेरच्याला त्यात जागा नसते. घटस्फोटानंतर चिगुसा दर वर्षी तोसो करायची, ओतायची, आणि तबक माझ्यासमोर ठेवून भांडी घासायला उठायची. घरात मी एकटी, म्हणजे सर्वांत लहानही मी आणि सर्वांत मोठीही मी.

या वर्षी तिने तबक ठेवले आणि उठली नाही. मी कपाकडे हात नेला, तर तिने तो माझ्या हातापासून ओढून घेतला.

"मालकीणबाई, हे काय," ती म्हणाली. "लहानानं आधी प्यायचं असतं ना?"

आणि प्यायली. मग कप भरून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी रडले. तोसो खारट झाले, पण तिने त्याला नाव ठेवले नाही.

कचेरी उघडली त्या दिवशी आम्ही दोघी जाऊन कागद देऊन आलो. सरायीला तिने नकार कळवला. आई म्हणायला तिची जीभ अजून वळत नाही, चालेल. तेव्हा वरच्या कलमांत जिथे जिथे 'होरी चिगुसा' असे लिहिले आहे, तिथे माझी मुलगी इनागाकी चिगुसा असे वाचावे. कागद खोडून मी तो घाण केलेला नाही; तो फरक वाचणाऱ्याने प्रत्येक वेळी मोठ्याने करावा, अशी माझी इच्छा आहे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे कचेरीतल्या बाईंनी सांगितले. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. खालील दोघांनी सर्व ऐकून, माशाबरोबर भात खाऊन, शुद्धीवर असताना सह्या केल्या आहेत.

साक्षीदार: सुगिउरा नोबुए, दारूविक्रेती, हेकिनान. या कागदाची अंमलबजावणीही हिनेच करावी.

साक्षीदार: कामिया तोकुजी, सुशीचे दुकान, हेकिनान. (कलम चार मला मान्य नाही. बाकी सर्व बरोबर आहे. मासा उत्तम होता. का. तो.)

लिहून देणार: इनागाकी फुसाए, चिगुसाची आई. सही व शिक्का.

हेकिनान, रेइवा शकाचे सातवे वर्ष (२०२५), जानेवारी महिन्याची दहा तारीख.