मांगं कोन बसते?

बाबा, मोटरसायकलच्या मागच्या चाकाला मी हवेचे शॉकअप बसवले. तुमच्या वेळी आपल्याकडे हे कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून सांगतो. त्यात स्प्रिंगच्या जोडीला कोंडलेली हवा असते. मागे वजन जास्त असेल तर हवा वाढवायची, कमी असेल तर सोडायची. सीटखाली त्याचा व्हॉल्व्ह येतो, अगदी ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा. शेजारचा पंक्चरवाला तो पाहून कॉम्प्रेसरची नळी घेऊनच आला होता, "आना, मारून देतो दोन मिनिटात." मी त्याला हात जोडले. ह्या शॉकअपमध्ये हवा मावते ओंजळभर. कॉम्प्रेसरने एका झटक्यात आतलं सील फाटलं असतं. त्यासाठी हातपंप वेगळा येतो, हवेचा दाब दाखवणाऱ्या बारीक काट्याचा.

हे सगळं तुमच्या सुनेसाठी केलं. लांबच्या प्रवासाची ही मोठी गाडी मी घेतली ती तिच्याच हट्टाने. ओंकारेश्वरपर्यंत आम्ही दोघं जाऊन आलो, लोणारला तर कितीदा. मग तिच्या कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता बसायला हरकत नाही, फक्त हादरे नकोत. पण ती मागे बसायला धजेना. वाशीमलाही एसटीने जायची, आणि मी त्याच रस्त्याने गाडीवर एकटा. "तुमी फिरा, मी घरीच बरी," एवढंच म्हणायची. ती बसणारच नसेल तर एवढी गाडी ठेवून करायचं काय, असं माझ्या मनात येऊ लागलं होतं. शेवटचा उपाय म्हणून हे शॉकअप मागवले.

सुट्टीच्या दिवशी अंगणात कामाला बसलो. पाने तुमचेच, गॅरेजमधले, अजून घसरत नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागच्या चाकाखाली ठोकळा दिला. एक बाजू सोडली, ती बसवली, आणि मगच दुसरीला हात लावला, तुम्ही करायचे तसं. हवेची नळी सायलेन्सर आणि चेन दोन्हींपासून लांब फिरवून सीटखाली आणली. सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, बुडबुडा नाही. आता गाडी चाकांवर उतरवून, मागे वजन ठेवून हवा भरायची होती. ती आत भाजी चिरत होती. तिला उठवायला नको म्हणून मी सोयाबीनचा एक कट्टा उचलला, तिच्या वजनाच्या अंदाजाने थोडं सोयाबीन काढून घेतलं, आणि कट्टा मागच्या सीटवर बांधला. गाडी हवी तेवढीच दबेपर्यंत पंप मारला. मनाशी म्हटलं, जमलं.

संध्याकाळी तिला बसवून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. पहिल्याच खड्ड्याला ती खाली उतरली. "अवो, हे तं फेकून राह्यलं मले!" आणि पायीच घरी गेली.

मी ओट्यावर बसून राहिलो. तेव्हा आपलं वाशीम रोडवरचं पत्र्याचं गॅरेज आठवलं. कुणीही शॉकअप घेऊन आला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "मांगं कोन बसते?" जऊळक्याचा एकजण म्हणाला होता, "दुधाच्या कॅना." तुम्ही म्हणालात, "मंग कॅना घेऊन ये, भरेल." आणि तो दुसरा, मान खाली घालून उभा असलेला. "आता कोनी नाही बसत, काका. लगन झाल्यावर बसन." सगळं गॅरेज हसतं आहे, तुम्ही मात्र गंभीरपणे पाना पुसता आहात. "मंग तिले घेऊनच ये. तवा कसून देतो." आणि आई दारातून म्हणते, "साऱ्या गावाच्या गाड्या नरम, अन् आपल्या घरची बैलबंडी." तेव्हा मात्र तुम्हीही हसता.

मी उठून आत गेलो. तिला सगळं सांगितलं, कट्ट्याचंही.

"मले कट्ट्यानं मोजलं?"

"तुह्या अंदाजाचाच होता."

"कवाच्या अंदाजाचा? ओंकारेश्वरच्या?" तिने हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकवून दाखवली. "मी आता तितकी कुठं राह्यली?"

रोज समोर बसून जेवणारं माणूस किती वाळलं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिच्यापेक्षा जड कट्ट्यासाठी मी हवा भरली होती. शॉकअप उसळणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, ती मागे बसली आणि मी खाली उकिडवा. थोडी हवा सोडायची, तिने अंग हलवून पाहायचं. "अजून," ती म्हणे. "अजून थोडी. बस, बस! आता राहू द्या." काट्यावर किती आलं ते मी नंतर पाहिलं. आता पंप डिकीतच असतो. दर आठवड्याला हवा तपासतो, शॉकअपच्या दांड्यावरची धूळ फडक्याने पुसतो. तिचं अंग भरू लागलं आहे, म्हणून मध्ये एकदा चार पंप वाढवावे लागले. तिने ते शेजारणीलाही सांगितलं.

गेल्या रविवारी आम्ही जऊळक्याला जाऊन आलो. जाताना नव्या रस्त्याने गेलो. येताना मी जुन्या, उखडलेल्या रस्त्याला वळलो. तिने पाठीवर थाप मारली, "चांगला रोड सोडून इकडून काहून आनली?" मी म्हणालो, गप्पांच्या नादात चुकून वळली. मग ती बहिणीच्या घरचं काहीतरी सांगत राहिली, खड्ड्यामागून खड्डे गेले, आणि तिचं बोलणं कुठे तुटलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो, बाबा. चुकून नव्हती वळली.