फोनवरचा पेशंट मोजत नाहीत

ती. मामा,

तुम्हाला साष्टांग नमस्कार आणि मामीला दोन: एक तिला स्वतःला, दुसरा तिच्या त्या किडनीला, जी तुमच्या पोटात बसून इतकी वर्षं निमूटपणे काम करते आहे. (मामी स्वतः निमूटपणे काहीच करत नाही, म्हणून वेगळा लिहिला.) तुमची तब्येत बरी आहे हे ठाऊक आहे, कालचा तुमचा फोन मीच उचलला होता. कॉलेज सोडल्यापासून आई माझ्याशी ताटापुरतं बोलते, बाकी क्षेम.

आता मुद्दा. माझं डोकं फिरलंय. ट्रान्सप्लांट विभागाच्या फोनवर तुम्हीच मला चिकटवलंत, म्हणजे निम्मा दोष तुमचा. दिवसभर घणघण: कोणाचं क्रिएटिनिन वाढलं, कोणाला उलटी झाली, कोणाला सकाळची गोळी घेतली की नाही तेच आठवत नाही. प्रत्येक फोन मी आमच्या डॉक्टरांना जोडून देतो. (वयाने माझ्याहून जराशा मोठ्या. आवाज असा, की गोळीचा डोस सांगितला तरी मला भरून येतं. असो.) सर्जन किडनी बसवून घरी जातात, ती जन्मभर टिकवायची यांनी. आणि पगार? तो म्हणे समोर येऊन बसलेल्या पेशंटांवर ठरतो. फोनवर सांभाळलेला पेशंट मोजतच नाहीत! वेळेवर गोळी बदलून एखाद्याची किडनी वाचवली, तर हिशेबाने त्यांनी त्या दिवशी काही केलंच नाही. किडनी गेली, की डायलिसिसवाल्यांना दर खेपेला पैसे. राहिली, तर यांना ठणठणगोपाळ. आता एका डायलिसिस सेंटरने त्यांना दुप्पट पगारावर बोलावलंय. हे ऐकल्यापासून मला घास उतरत नाही.

मी तडक मॅनेजरकडे गेलो आणि टेबलावर मूठ आपटली. (काच तडकली. माझ्या पगारातून कापणार आहेत.) तो थंडपणे म्हणाला, पेशंट दिसू देत, मग बघू. बस्स! मी येईल त्या फोनवाल्याला सांगू लागलो, फोनवर काही मिळणार नाही, सोमवारी समक्ष या. (तुम्हाला नाही सांगितलं. तुम्ही घरचे.)

सोमवारी आले. सगळे आले. सोबत सुना, जावई, पिशव्या. बाकं भरली, जिना भरला. मी छाती फुगवून डॉक्टरांची वाट बघत होतो. त्या आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. तुम्हाला सांगायला नकोच, किडनी बदललेल्या माणसाची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवलेली असते, गर्दी म्हणजे त्याच्या जिवाला घोर. त्यात बाकावर एक आजोबा मनसोक्त शिंकत होते. "कोणत्या शहाण्याने बोलावलं यांना?" मी पुढे झालो. (कौतुक होईल असं तोवर वाटत होतं.) पुढचं लिहीत नाही, हे पत्र मामीही वाचते. त्यांनी सगळ्यांना आवारात लांब लांब बसवलं आणि अंधार पडेपर्यंत उभ्याने तपासलं. मॅनेजर खिडकीतून बघून खूश! म्हणतो, आहे त्याच पगारात एवढे पेशंट होतात तर पगार वाढवायचा कशाला, यापुढे रोज हाच आकडा धरू.

काय बोलायचं अशा माणसाशी? काचसुद्धा उरली नाही आपटायला.

तुमचा (सध्या दुसऱ्या कोणाचाच नसलेला) भाचा

ता. क. : फोनवरचं कामही काम धरून पगार द्या, नाहीतर मी निघाले, असा अर्ज डॉक्टरांनी विश्वस्त मंडळाकडे दिलाय. मंडळावर पेशंटांतर्फे तुम्ही आहात. शुक्रवारच्या बैठकीत डॉक्टरांच्या बाजूने मत द्या. त्या गेल्या तर मामीच्या किडनीला वाली कोण?

आणखी एक ता. क. : अर्जात दुसरी अट आहे. तिथे वाचून दचकाल म्हणून आधीच कळवतो: फोनवरून मला काढायचं. दोन्ही अटी एकाच ठरावात आहेत, सुट्या होत नाहीत, मी विचारून आलो. तरी मत द्याच. मामा, शपथ आहे माझी.

शेवटचा ता. क. : फाटकावर माणूस हवाय असं ऐकतो. तिथून त्यांची खिडकी दिसते. पण हा विषय ठराव मंजूर होऊन त्या बैठकीतून उठून गेल्यावरच काढा.